वसंताची पावलं

दिजों, बुधवार, ७ जानेवारी १६८२

आज सकाळी चर्चसमोरच्या बर्फावरून जेर्व्हे घसरला आणि माझं नशीब उघडलं. असं लिहिणं बरं नाही, कळतंय मला. पण ही वही कुणी वाचणार नाही, आणि त्या बिचाऱ्याचा घोटा भोपळ्याएवढा सुजला यात माझा काही हात नाही.

जेर्व्हे केसांचे टोप बनवतो, आणि गेली पंधरा वर्षं आमच्या गावातल्या प्रत्येक बॅलेत बाईचं काम तोच नाचतो. देवी असो, राणी असो, अप्सरा असो. मुखवटा लावायचा, घेरदार झगा चढवायचा, दाढी दोनदा करायची की झाला तयार. न्यायसभेच्या अध्यक्षांच्या मुलीचं लग्न आठ फेब्रुवारीला आहे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या हवेलीत ‘ऋतूंचा बॅले’ व्हायचा आहे. त्यात जेर्व्हे वसंत, म्हणजे फुलांची देवी, होणार होता. संगीत बाबांचं आहे. बाबा म्हणजे गावच्या वाद्यवृंदाचे पहिले व्हायोलिनवादक. त्यांच्या सगळ्या रचनांच्या नकला मी करते. नाच बसवायला खास पॅरिसहून मेत्र, म्हणजे नृत्यगुरू, फ्लोरिमों आले आहेत.

दुपारी मेत्र आमच्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत कोसळले. “मला वसंत हवा! दोन्ही पाय शाबूत असलेला कुठलाही वसंत!”

तेव्हा बाबांच्या शेजारी दुसरं व्हायोलिन वाजवणारा लाझार चुलीपाशी हात शेकत उभा होता. तो म्हणाला, “पेर्नेतला सगळा नाच येतो. नकला करताना ती टेबलाखाली नाचते. टेबल हलतं, म्हणून तर शाईचे डाग पडतात.”

मी त्याच्याकडे जीव घेईन अशा नजरेनं पाहिलं. पण मेत्र ताठ उठून बसले.

“मुलगी? लोकांसमोर?” आई म्हणाली.

“मादाम, गेल्या मे महिन्यात पॅरिसच्या रंगमंचावर चार मुली नाचल्या.”

“आणि त्यांच्या आया काय करत होत्या?”

“टाळ्या वाजवत होत्या, मादाम.”

मग सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी एकेकाचा चेहरा निरखला, बराच वेळ, आणि शांतपणे विचारलं, “मग काय ठरलं?”

सगळे हसले. बाबांची थट्टा करायची ही नवीन तऱ्हा. आई त्यांच्या तोंडासमोर जाऊन मोठ्यानं म्हणाली, “अहो, तुमची लेक नाचणार आहे!”

“मग नाचू दे की,” बाबा म्हणाले.

मी नाचणार आहे! मी नाचणार आहे! (हा डाग टेबल हलल्यामुळेच पडला आहे.)

शुक्रवार, ९ जानेवारी

मला वाटत होतं मला नाचता येतं. आज कळलं की मला उभंसुद्धा राहता येत नाही.

पॅरिसमध्ये म्हणे आता पायांच्या पाच जागा ठरल्या आहेत. बोटं बाहेर, टाचा जवळ, आणि मग एक, दोन, तीन, चार, पाच. कुठलंही पाऊल यातल्याच एका जागेतून निघायचं आणि यातल्याच एका जागेत परतायचं. मेत्र त्यांचं खिशात मावणारं चिमुकलं व्हायोलिन वाजवत माझ्याभोवती फिरतात आणि गजानंच माझ्या गुडघ्यावर टिचकी मारतात.

जेर्व्हे पाय स्टुलावर ठेवून बघायला बसला होता. मला वाटलं होतं चिडलेला असेल. तर म्हणतो, “पंधरा वर्षं मी या गावाची व्हीनस होतो. आता निवृत्त होऊन टीका करणार. पेर्नेत, हात! तू वसंत आहेस, वाळत घातलेली चादर नाहीस.”

“तुम्हाला कसं जमायचं हो, इतका जड झगा घालून?”

“झग्यात कुणाला पाय दिसतात? वरून देवी, खालून मी आरामात चालत असायचो.”

मेत्रांनी कानांवर हात ठेवले.

मंगळवार, १३ जानेवारी

घरात सगळ्यांना काहीतरी झालं आहे. नाचाचा ताण माझ्यावर आणि विचित्र वागतात हे.

आईला हल्ली ओरडायची सवय लागली आहे. मीठ मागायचं तरी शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असं मागते, आणि मागताना ताटावर चमचा आपटते. मी म्हटलं, आई, आम्ही बहिरे नाही. तर उठून भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छच होती.

बाबांनी या वयात इटालियन ढब उचलली आहे. व्हायोलिन छातीशी धरायचं सोडून हनुवटीखाली घट्ट दाबून धरतात, जबड्याचं हाड लाकडाला टेकवून. मेत्र म्हणाले, “नाचाचं व्हायोलिन छातीशी धरतात, साहेब.” बाबांनी लक्षच दिलं नाही. बाबा किती हट्टी झाले आहेत!

आणि लाझार! वाजवताना असा डोलतो जसं वाऱ्यात सापडलेलं झाड. सुरुवात करायची तर मान एवढी मोठी हलवतो, पाय आपटतो, भुवया वर करतो. आज मी त्याला म्हटलं, “तू वाजवतोस की समुद्रात बुडतोयस?”

तो म्हणाला, “थोडं थोडं दोन्ही.” आणि हसला. हसताना बरा दिसतो. पण डोलताना नाही.

सोमवार, १९ जानेवारी

आज तालमीत मोठं भांडण. मजा आली. माझ्यासाठी भांडत होते ना!

वसंताच्या नाचात एक जागा आहे. टाचा उचलून बोटांवर तोल धरायचा, क्षणभर थांबायचं, मग वळायचं. कागदावर तिथे एकच मात्रा आहे. मी रोज वेगवेगळा वेळ थांबते, कारण मला तोल सापडत नाही. आणि माझं चुकलं की बाबाही चुकतात. मी थांबले की ते थांबतात, मी घाई केली की तेही घाई करतात.

मेत्र वैतागले. “साहेब! नाच संगीताच्या मागून चालतो. तुम्ही लय धरा, ती येईल तुमच्या मागून.”

बाबा त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, “मी तिच्या पायांकडे बघून वाजवतो.”

“का? कागद कशासाठी आहे मग?”

“कागदाला पाय नसतात,” बाबा म्हणाले.

यावर जेर्व्हेनं स्टुलावरून भाषण ठोकलं. म्हणे, इटलीत पूर्वी मोठ्या लग्नांत पंगतीला ताटागणिक एक नाच यायचा. माशाबरोबर समुद्रदेव, फळांबरोबर वनदेवी. तिकडच्या राजकन्या इकडे सून म्हणून आल्या आणि बरोबर नाचाचे गुरू घेऊन आल्या. “तेव्हापासून भांडण चालू आहे,” तो म्हणाला, “वाजवणारा म्हणतो मी मालक, नाचणारा म्हणतो मी मालक. आणि यजमान म्हणतो, लवकर आटपा, सूप गार होतंय.”

मेत्रसुद्धा हसले. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “मुली, तुझे वडील चांगले रचनाकार आहेत. पण ते तुझे लाड करतात. लाड करणारी लय घातक असते.”

मला राग आला, आणि थोडं खरंही वाटलं.

शनिवार, २४ जानेवारी

आजची गोष्ट लिहायलाही लाज वाटते.

माझा झगा शिवून आला. हिरवा रेशमी, कडेला रुपेरी फुलं, जमिनीपर्यंत लांब, मागे लोळणारा घोळ. मी घालून गिरकी घेतली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि बाबा म्हणाले, “खालून चार बोटं कापा.”

“काय?”

“पाय दिसत नाहीत.”

गावातली पहिली मुलगी लोकांसमोर नाचणार, त्यावर आधीच बायका कुजबुजतात, आणि तिचा स्वतःचा बाप सांगतो पाय दिसू देत! आई आता आकाश डोक्यावर घेईल म्हणून मी वाट बघत होते. तर आईनं कात्री आणली, गुडघ्यावर बसली आणि रेशीम कापायला लागली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

“आई, शेजारणी काय म्हणतील?”

“म्हणू देत. मी सांगेन, कापड कमी पडलं.”

घोटे दिसतात माझे! पण एक सांगू? आता उडी मारताना किती मोकळं वाटतं. आज पहिल्यांदा मी दोन्ही पाय हवेत एकमेकांवर आपटून खाली आले आणि पडले नाही.

बुधवार, २८ जानेवारी

तोल सापडला. पोटात असतो तो, पायांत नाही. जेर्व्हेनं सांगितलं. पंधरा वर्षं आरामात चालत होता म्हणे! खोटारडा.

शनिवार, ३१ जानेवारी

आजचा दिवस खराब. सगळं नीट लिहिते, म्हणजे उद्या वाचून मला माझीच लाज वाटेल.

आज पहिल्यांदा अध्यक्षांच्या हवेलीतल्या मोठ्या दालनात तालीम होती. चित्रकारांनी एका भिंतीवर छतापर्यंत ढगांचं कापड ताणलं आहे. वादकांनी त्या ढगांमागे बसायचं, म्हणजे संगीत आभाळातून आल्यासारखं वाटेल. काय सुंदर कल्पना! सगळे वादक मागे जाऊन बसले. बाबा गेले, बसले, आणि लगेच बाहेर आले.

“मी इथून वाजवणार नाही.”

मेत्रांनी समजावलं, आवाज चढवला, शेवटी विनवण्या केल्या. बाबांचं एकच. “मला ती दिसली पाहिजे. नाहीतर दुसरा वादक शोधा.”

लाझार मध्ये पडला, म्हणाला, मी कापडाच्या कडेला उभा राहतो, मी बघून सांगतो. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली.

मी तिथे हिरवा झगा घालून उभी होते, सगळ्यांसमोर, नऊ दिवसांवर प्रयोग आलेला. आणि मी म्हणाले, “बाबा, तुम्हाला मी दिसायला नको आहे. तुम्हाला तुम्ही लोकांना दिसायला हवे आहात. एक दिवस तरी मला पुढे राहू द्या ना!”

मी त्यांच्या अगदी समोर उभं राहून बोलले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, व्हायोलिन पेटीत ठेवलं, आणि बर्फातून एकटे घरी चालत गेले.

मेत्र म्हणाले की सोमवारपर्यंत ऐकलं नाहीत तर लाझारला पहिल्या जागी बसवावं लागेल. लाझार म्हणाला, “मी बसणार नाही.” एवढंच. तो कधी असं बोलत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी, मेणबत्त्यांचा सण

हे आजच लिहायला हवं.

सकाळी चर्चमधून आल्यावर आई सणाची धिरडी घालायला बसली. बाबा खिडकीपाशी पाठमोरे बसून तारा पुसत होते. काल दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी दाराशी उभी राहिले. तोंड बघत माफी मागणं मला कधीच जमत नाही, म्हणून त्यांच्या पाठीलाच सांगायला लागले.

म्हटलं, “बाबा, चुकले मी. तुम्ही कधीच दिसायला हपापलेले नव्हता. मी चार वर्षांची असताना मला स्वतःच्या पायांवर उभं करून नाचवलंत ते तुम्ही. माझ्यासाठी थांबता ते मला आवडतं. लाड करता असं मेत्र म्हणतात, म्हणू देत. मला तुमच्याशिवाय नाचायचं नाही.”

त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. तार पुसत राहिले. मला वाटलं, अजून रागावले आहेत. मी रडायला लागले, चांगली मोठ्यानं. “बाबा, बोला ना!”

तार पुसत होते. गुणगुणत होते! माझ्या रडण्याच्या वर गुणगुणत होते, आणि गुणगुणणं बेसूर होतं.

मग ते वळले. मला बघून दचकले, इतके की फडकं हातातून पडलं. “अगं, तू कधी आलीस? आणि रडतेस का?”

मी आईकडे पाहिलं. आईच्या हातात पसरट तवा होता आणि धिरडं करपत होतं. तिनं माझ्याकडे बघून अगदी हळू, हो म्हणून मान हलवली.

मग एकेक गोष्ट माझ्या अंगावर कोसळायला लागली. चमच्याची आदळआपट. जबड्याला दाबलेलं लाकूड. चार बोटं रेशीम. आणि लाझारचं ते डोलणं!

मी डोळे पुसले, त्यांच्या समोर गेले, आणि तोंड नीट उघडून म्हटलं, “बाबा, धिरडं करपलं म्हणून रडतेय.”

“मग दुसरं घाल म्हणावं,” ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

लाझारला सकाळीच मोहरी दळणाऱ्यांच्या गल्लीत गाठलं.

“कधीपासून?”

त्यानं कशाबद्दल असं विचारलंसुद्धा नाही. “दोन वर्षं. आधी उंच सूर गेले. आता फक्त खर्ज ऐकू येतो, तोही हाडातून. मी सुरुवात दाखवतो, ते पकडतात. नाच असला की मात्र त्यांना माझी गरजच लागत नाही, पेर्नेत. पाय बघतात आणि वाजवतात. आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, ती नाचताना माझ्याकडे काळजीनं बघेल, मग पडेल.” त्यानं गल्लीत मागे वळून पाहिलं. “आणि वाद्यवृंदाला कळलं तर पहिली जागा जाईल. मग ते काय करतील?”

मी म्हटलं, “मी वहीत तुला वाऱ्यातलं झाड म्हटलंय.”

“बुडतोयस असंही म्हणालीस.”

“तू रागावला नाहीस?”

“तू निदान माझ्याकडे बघत तरी होतीस,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. थंडी फार होती आज.

पण प्रश्न तसाच आहे. बाबांना मी दिसले पाहिजे आणि मेत्रांना ढग हवेत. लाझार म्हणाला, ढगाला भोक पाडू. मी म्हटलं, भोकातून बाबांचा डोळा दिसेल, आणि नवरी किंचाळेल. मग आम्ही दोघं इतके हसलो की मोहरीवाल्यानं खिडकी उघडून विचारलं, काय झालं.

हसता हसता मला सुचलं. वादक ढगांमागे नकोत, जमिनीवरही नुसते नकोत. वादक नाचातच हवेत!

बुधवार, ४ फेब्रुवारी

मेत्रांना मी सांगितलं असतं तर त्यांनी कधीच ऐकलं नसतं. म्हणून जेर्व्हेला पुढे केलं. कारण मी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

जेर्व्हे लंगडत गेला आणि उसासा टाकून म्हणाला, “मेत्र, पॅरिसला म्हणे हल्ली वादकांनाही पोशाख घालून रंगमंचावर आणतात. वनदेवतेचे बोकड वगैरे. पण आमच्या या आडगावात कुणाला जमणार ते! सोडा.”

मेत्रांच्या नाकपुड्या फुलल्या. “कोण म्हणतं जमणार नाही?”

संध्याकाळपर्यंत ती मेत्रांची स्वतःची कल्पना झाली होती, लहानपणापासूनची. वसंताची वर्दी द्यायला हिवाळ्यातच बारा बोकड येतात, अर्धे माणूस, अर्धे जनावर, आणि तेच वाजवतात. ढग रिकामेच राहतील.

आता बाबांना विचारायचं होतं. बाबा गावातले सर्वांत गंभीर गृहस्थ, काळ्या कोटाशिवाय बाजारातही न जाणारे. मी त्यांच्या समोर बसून सगळं समजावलं. केसाळ विजार, कपाळाला शिंगं, शेपूट.

बाबांनी विचारलं, “तिथून तुझे पाय दिसतील?”

“चार हातांवरून.”

“मग बोकड तर बोकड,” बाबा म्हणाले.

आई इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

काल झाला! आज सकाळी अंथरुणात बसून लिहिते आहे, पाय लोण्यासारखे झाले आहेत, आणि आई तळलेल्या गोड पुऱ्या इथेच आणून देते आहे, जशी मी नवरी आहे.

क्रमानं सांगते. दालन खचाखच भरलं होतं. दोनशे मेणबत्त्या, उन्हासारखा उजेड. नवरी-नवरा मधोमध. मी कापडामागे उभी होते आणि भीतीनं झग्यावरची रुपेरी फुलं मोजत होते. मेत्रांनी मुखवटा नको असं ठरवलं होतं. जेर्व्हे म्हणाला, “तुला लपवायला दाढी नाही, कशाला हवा मुखवटा!” आणि त्यानं माझ्या केसांत शेवटचं फूल खोचलं, त्याच्या स्वतःच्या जुन्या व्हीनसच्या टोपामधलं.

आधी हिवाळा. हिवाळा म्हणजे नवऱ्या मुलाचे थोरले काका, बॅरन, वय साठ, पोट मोठं, हौस त्याहून मोठी. त्यांच्या वेळी एका बाजूनं बोकड आत आले. बाबा सर्वांत पुढे, शिंगं जरा तिरकी, चेहरा न्यायाधीशासारखा. लोक हसायला लागले, टाळ्या वाजल्या. बाबांनी कुणाकडे पाहिलं नाही. नजर जमिनीवर, बॅरनच्या बुटांवर.

बॅरन चांगले नाचत होते, आणि मग मध्येच विसरले. मी बघत होते, त्यांचा चेहरा कोरा झाला. उजवीकडे जायचं ते डावीकडे गेले, एक पाय पुढे काढून उभे राहिले आणि जागच्या जागी डुलायला लागले. कागदावर आणखी चार मात्रा, मग शेवट, मग हिवाळा बाहेर आणि वसंत आत. बॅरन जिथे उभे होते तिथून दार वीस पावलं लांब. खांबामागे मेत्रांनी डोळे मिटून घेतले.

शेवट आला नाही. बाबांनी तोच तुकडा पुन्हा सुरू केला. लाझार क्षणात त्यांच्याबरोबर गेला, त्याच्यामागे बाकीचे दहा बोकड, डोळे फिरवत. बाबा संथ झाले, बॅरनच्या डुलण्याइतके संथ. त्या डुलण्यालाच त्यांनी नाच करून टाकलं. म्हाताऱ्या हिवाळ्याला जायचं नाही, तो रेंगाळतो आहे, असं वाटायला लागलं. बॅरनना पाऊल सापडलं. एक, मग दुसरं. बाबा त्यांना पावलागणिक दारापर्यंत घेऊन गेले, आणि शेवटचा सूर बॅरनच्या टाचेबरोबरच पडला. टाळ्यांचा कडकडाट! कापडामागे येऊन बॅरन मला धापा टाकत म्हणाले, “बघितलंस? शेवटी मी थोडं स्वतःचं घातलं.”

मग मी.

पहिली चार पावलं मला आठवत नाहीत. मग मी बाबांकडे पाहिलं, आणि ते माझ्या पायांकडे बघत होते, आणि भीती गेली. तोलाची जागा आली. मी टाचा उचलल्या, थांबले. गज थांबला. दोनशे माणसं थांबली. इतके दिवस मी चुकून थांबत होते. काल मी मुद्दाम थांबले, आणखी थोडी, आणखी थोडी, बघू तरी बाबा काय करतात. बाबांच्या ओठांच्या कडा हलल्या. तेही थांबले! मग मी सूचना न देता वळले, झरकन, आणि सूर माझ्याबरोबर झरकन वळला. मी पळाले, ते पळाले. मी पाऊल हवेत धरलं, त्यांनी सूर हवेत धरला. खेळत होतो आम्ही, सगळ्यांसमोर, आणि कुणाला कळत नव्हतं. संगीत माझ्या मागून येत नव्हतं, पुढूनही नव्हतं. माझ्या पायांतून निघत होतं, आणि तरी ते बाबांचं होतं.

तिसऱ्या तुकड्यात वरचा सूर चढा लागला. लाझारनं आपलाही सूर चढवून सांभाळून घेतलं. कुणाच्या लक्षात आलं असेल?

शेवटी नवरी उभी राहिली आणि म्हणाली, पुन्हा. आम्ही पुन्हा केलं. मेत्र फ्लोरिमों रडत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, “बोकड, बोकड माझी कल्पना!”

बुधवार, ११ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून सगळं गाव गंभीर झालं आहे, आता ईस्टरपर्यंत उपास आणि गाणं-बजावणं बंद, पण चर्चबाहेर जो तो बाबांना गाठत होता. प्रत्येकाचं एकच. “अप्रतिम वाजवलंत! काय सूर!” अध्यक्ष स्वतः म्हणाले. वाद्यवृंदातले म्हणाले. बाबा मान हलवत होते, आभार मानत होते, आणि प्रत्येक स्तुतीबरोबर त्यांचा चेहरा उतरत होता. मला कळेना. एवढं यश मिळालं आणि हे असे का?

दुपारी उपासाची मसुराची आमटी होती. आईनं लाझारला जेवायला बोलावलं होतं, का ते मला विचारू नका. बाबा मध्येच चमचा ठेवून त्याला म्हणाले, “कसं वाजलं माझं? खरं सांग.”

“सुंदर, गुरुजी.”

त्यांनी आईकडे पाहिलं. “फार सुंदर,” आई ओरडली.

मग माझ्याकडे. मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पण मी त्यांच्या रचनांच्या नकला करते, आणि चुकीचा सूर तसाच उतरवायला त्यांनी मला शिकवलेलं नाही. मी त्यांच्याकडे नीट तोंड करून म्हटलं, “तिसऱ्या तुकड्यात वरची तार चढली होती.”

आईच्या हातातला आमटीचा डाव हवेत राहिला. लाझार आमटीत बघायला लागला.

“किती?” बाबांनी विचारलं.

“केसभर नाही. बरीच.”

“आणि दुसऱ्यात?”

“दुसरा अगदी सुरात होता. बॅरनला बाहेर नेलंत तोही. फक्त तिसरा.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला समजलं, त्यांना समजलं की मला ठाऊक आहे. आणि मग बाबा हसायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी.

“दोन वर्षं!” ते म्हणाले. “दोन वर्षं सगळे म्हणताहेत सुंदर, सुंदर. मला वाटायचं, मी इतका गेलो की आता चूक सांगण्यातही अर्थ उरला नाही. फक्त तिसरा?”

“फक्त तिसरा.”

ते उठले आणि व्हायोलिनची पेटी काढली.

“अहो, आज राखेचा बुधवार!” आई म्हणाली, आणि तिला ओरडावंही लागलं नाही, कारण ते तिच्याकडेच बघत होते.

“मग काय देवाला बेसूर ऐकवू?”

आम्ही ठरवलं असं. मी समोर उभी राहणार. सूर चढला तर बोट खाली, उतरला तर बोट वर. बाबांनी व्हायोलिन जबड्याशी दाबलं, नजर माझ्या हातावर. लाझारनं खर्ज धरला. पहिल्या वेळी माझं बोट पार टेबलापर्यंत खाली गेलं आणि बाबांनी शिवी दिली. दुसऱ्या वेळी जरा वर, तिसऱ्या वेळी पुन्हा खाली. चौथ्या वेळी मी नाक मुरडलं, ते त्यांनी बरोबर ओळखलं. आई आमटी गार होतेय म्हणायची थांबली आणि हात पुसत येऊन उभी राहिली.

सातव्या वेळी माझं बोट जागचं हललं नाही. बाबांनी ते पाहिलं, आणि गज संपेपर्यंत तो सूर सोडला नाही.